मुलीला पीसीओडी निघालं. मुलाची साखर कोण तपासणार?

पाणकणीस (धागाकर्ती)

पाळी महिनोन्महिने पुढे जाते, हनुवटीवर केस येतात, वजन वाढतं. मग आई मुलीला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेते, सोनोग्राफी होते, पीसीओडी (बीजांडकोश आणि हार्मोनचा आजार, डॉक्टर त्याला पीसीओएसही म्हणतात) आहे असं कळतं आणि गोळ्या सुरू होतात. घरात दबक्या आवाजात बोलणं होतं ते दोनच गोष्टींवर, लग्न आणि मूल. तिच्या भावाचं नाव त्यात कुठेही येत नाही. वडिलांचंही नाही. हा धागा मी त्या दोघांसाठी काढते आहे.

मी जैवरसायनशास्त्र शिकले आणि रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत हार्मोनच्या तपासण्या करते. उपचार सांगणं माझं काम नाही, ते इथले डॉक्टर सांगतील. पण रिपोर्टवरच्या आकड्यांमागे शरीरात काय चाललेलं असतं, ते नक्की सांगू शकते.

टेस्टोस्टेरॉन पुरुषांचं आणि इस्ट्रोजेन बायकांचं, अशी वाटणी आपल्या डोक्यात शाळेपासून बसलेली असते. खरं तर दोन्ही हार्मोन दोघांच्याही शरीरात असतात, प्रमाण तेवढं वेगळं. शिवाय रक्तातलं बहुतेक टेस्टोस्टेरॉन मोकळं नसतंच. काही अल्ब्युमिन या प्रथिनाला सैलसर चिकटलेलं असतं, काही एसएचबीजी नावाच्या प्रथिनाने घट्ट धरलेलं असतं. पूर्ण मोकळं असतं ते जेमतेम दोन टक्के. एसटीत बसलेला प्रवासी बाजारात खरेदी करू शकत नाही, खाली उतरलेलाच करतो; तसं पेशींमध्ये जाऊन काम करणार ते हे उतरलेलं हार्मोन. आणि एसएचबीजी तयार होतं कुठे, तर यकृतात.

साखरेचा संबंध इथून सुरू होतो. पोटात आणि यकृतात चरबी साठली, रक्तात इन्शुलिन सतत चढं राहिलं, की यकृत एसएचबीजी कमी बनवतं. बाईच्या रक्तात मग मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. त्यात भर म्हणजे चढं इन्शुलिन बीजांडकोशाला आणखी टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं. स्नायू इन्शुलिनला दाद देईनासे झाले तरी बीजांडकोश देतच राहतो, ही या आजारातली सगळ्यात अवघड गोष्ट. वाढलेलं टेस्टोस्टेरॉन चरबी पोटाकडे ओढतं, त्याने इन्शुलिन अजून चढतं. पाळीचं बिघडणं हा या चक्राचा बाहेरून दिसणारा भाग.

पुरुषात हेच चक्र दुसऱ्या दिशेला फिरतं. एसएचबीजी उतरलं की त्याच्यासोबत एकूण टेस्टोस्टेरॉनही उतरतं. लठ्ठपणा बराच असेल तर मेंदूकडून वृषणांना जाणारा संदेशही मंदावतो. टेस्टोस्टेरॉन कमी झालं की स्नायू घटतात, पोट वाढतं, साखर वाढते.

२०२० मध्ये ब्रिटनच्या यूके बायोबँकेतल्या (लोकांची जनुकं आणि आरोग्याची माहिती जमवणारा मोठा साठा) सव्वाचार लाख लोकांच्या जनुकांवरून हे तपासलं गेलं. ज्या बायकांची जनुकं जन्मापासूनच टेस्टोस्टेरॉन चढं ठेवणारी होती त्यांच्यात, टेस्टोस्टेरॉनच्या एका प्रमाण विचलनामागे (माणसामाणसांत दिसणाऱ्या फरकाचं हे एक माप), टाइप २ मधुमेहाचा धोका ३७ टक्के जास्त आणि पीसीओएसचा ५१ टक्के जास्त निघाला. पुरुषांत मात्र मधुमेहाचा धोका १४ टक्के कमी. हार्मोन तेच, परिणाम उलटा.

आता भावाकडे येते. पीसीओएसशी जोडलेले जनुकांमधले बदल बायकांच्या अभ्यासातून सापडले. मग २०२२ मध्ये याच बायोबँकेतल्या पावणेदोन लाखांवर पुरुषांमध्ये ते बदल शोधले. ज्यांच्याकडे ते जास्त होते त्या पुरुषांत लठ्ठपणा, मधुमेह, हृदयविकार आणि टक्कल, चारही गोष्टींचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त होतं. फरक डोळे विस्फारण्याइतका मोठा नव्हता, पण होता. पुरुषाला बीजांडकोश नसतो. म्हणजे ज्याला आपण 'बायकांचा आजार' म्हणून पडद्याआड ठेवतो त्याच्या मुळाचा काही भाग बीजांडकोशाच्या बाहेर आहे, आणि तो मुलीइतकाच मुलाकडेही गेलेला असू शकतो.

मुलीला लक्षण तरी दिसतं. मुलाला पाळी नसते, त्यामुळे त्याला चाळिशीपर्यंत कुणी काही विचारतच नाही.

तुमच्या घरात कुणाला पीसीओडी असेल तर बाकीच्यांची कंबर, रक्तदाब, साखर कधी पाहिली गेली का, ते लिहा. प्रश्नही विचारा.

वाटसरू

वाचनखूण साठवली. बायकोला आणि मेहुण्याला दोघांनाही वाचायला देतो.

चाफेकळी

पाणकणीसताई, हे वाचताना अंगावर काटा आला. मुलगी एकोणीस वर्षांची, दोन वर्षांपासून पीसीओडीच्या गोळ्या चालू. ह्यांना एक्केचाळिसाव्या वर्षी मधुमेह निघाला. मुलगा तेवीसचा, त्याचे पुढचे केस आत्ताच विरळ झालेत. या तीन गोष्टी एका ओळीत आजवर मी कधी मांडल्याच नव्हत्या, आणि आम्हाला कुणी डॉक्टरांनीही विचारलं नाही.

पण मुलगा अंगाने बारीक आहे हो. वजन साठच्या आतच. बारीक माणसालाही हे लागू होतं का?

पाणकणीस

चाफेकळीताई, बारीक आहे म्हणून निश्चिंत राहू नका, असं मी ठामपणे सांगेन. त्यातून आपल्या पुण्यानेच हे जगाला दाखवून दिलंय.

२००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला होता. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. बीएमआयच्या हिशोबाने दोघे सारखेच.

याज्ञिकांच्या गटाने पुण्याच्या आसपासच्या खेड्यांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास १९९० च्या दशकात सुरू केला. तिथली पूर्ण दिवसांची बाळं सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी मात्र जवळजवळ तेवढीच. म्हणजे बारीक दिसणारी पण चरबी राखून असलेली ठेवण आपण जन्मतःच घेऊन येतो. त्यावर आईवडिलांकडून आलेली जनुकं, आणि पुढे बसून केलेली नोकरी.

मुलाची कंबर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची, श्वास सोडल्यावर. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८० ही मर्यादा धरतात. बीएमआयसुद्धा आपल्यासाठी २३ च्या वर गेला की जास्तच समजतात, पाश्चात्त्यांचा २५ आपल्याला चालत नाही. मान आणि काख बघा. तिथली कातडी काळपट, जाडसर, मखमलीसारखी झाली असेल तर तो मळ नाही, घासून जाणार नाही. ती बहुतेक वेळा चढ्या इन्शुलिनची खूण असते.

डॉ. निशिगंध

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. धागा महत्त्वाचा आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

एक म्हणजे, सोनोग्राफीत 'सिस्ट' दिसल्या म्हणजे आजार, हा समज सोडायला हवा. त्या गाठी नसतात, अर्धवट वाढून थांबलेल्या बीजपुटिका असतात. निदानासाठी तीनपैकी दोन गोष्टी लागतात: बीज वेळेवर न सुटणं, पुरुषी हार्मोन जास्त असणं (रक्तात किंवा केस-मुरुमांच्या रूपात) आणि बीजांडकोशाचं ते ठरावीक रूप. शिवाय थायरॉइड, प्रोलॅक्टिन वगैरे दुसरी कारणं आधी बाजूला करावी लागतात. पाळी सुरू होऊन आठ वर्षं झाली नसतील तर सोनोग्राफीवरून निदान करूच नये असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, कारण त्या वयात निरोगी मुलींचे बीजांडकोशही तसेच दिसतात. पंधरा-सोळाच्या मुलींच्या हातात 'पीसीओडी' लिहिलेला सोनोग्राफीचा कागद देऊन त्यांना आयुष्यभराची धास्ती लावली जाते, याचा मला मनापासून त्रास होतो.

निकष बदलले की आकडे किती बदलतात पाहा. मुंबईत १५ ते २४ वयाच्या मुलींमध्ये झालेल्या एका अभ्यासात वर सांगितलेल्या निकषांनी २२.५ टक्के मुलींना पीसीओएस ठरलं, आणि पुरुषी हार्मोन जास्त असणं सक्तीचं धरल्यावर १०.७ टक्के. अर्धे!

दुसरं म्हणजे, निदान पक्कं असेल तर पाळी नियमित करून थांबणं म्हणजे अर्धाच उपचार. रक्तदाब, लिपिड (रक्तातली चरबी) आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन केलेली जीटीटी झाली पाहिजे. नुसती उपाशीपोटीची साखर पुष्कळदा नॉर्मल येते आणि दोन तासांनंतरची चढलेली असते. ही तपासणी एकदा करून विसरायची नाही, दर एक ते तीन वर्षांनी करायची. अशा मुलीला पुढे गरोदरपणी मधुमेह होण्याचा धोकाही जास्त असतो, ते तिला आधीच माहीत असावं. मनाकडेही बघा. नैराश्य आणि चिंता या मुलींमध्ये जास्त आढळतात, आणि 'वजन कमी कर' हे घरातल्या प्रत्येकाकडून रोज ऐकून ते वाढतं.

भावाच्या तपासणीबद्दल धागाकर्तीशी सहमत आहे. मी आता कौटुंबिक इतिहास विचारताना 'भाऊ किती वर्षांचा, पोट आहे का, वडिलांना साखर कधी निघाली' हे विचारतोच.

तर्ककठोर

धागा चांगला आहे, पण दोन शंका मांडतो. यूके बायोबँक म्हणजे मुख्यतः गोरे ब्रिटिश लोक, आणि तेही स्वतःहून आलेले, तुलनेने निरोगी. तिथला ३७ टक्क्यांचा आकडा साताऱ्याच्या मुलीला कसा लावणार? दुसरं, टेस्टोस्टेरॉन आणि मधुमेह एकत्र दिसतात म्हणून एकामुळे दुसरं होतं हे कशावरून? लठ्ठपणा दोन्हींच्या मागे असू शकतो.

पाणकणीस

दोन्ही शंका योग्य आहेत, म्हणून नीट उत्तर देते.

दुसरी आधी. जनुकं वापरायचं कारणच ते. टेस्टोस्टेरॉन चढं ठेवणारं जनुक कुणाला मिळणार हे गर्भधारणेच्या क्षणी ठरतं, आणि नंतर कुणी कितीही जाड झालं तरी ते बदलत नाही. त्यामुळे जनुकांनुसार गट पाडून मधुमेह मोजला की 'लठ्ठपणामुळे हार्मोन बदललं असेल' ही शंका बरीचशी मिटते. पूर्ण मिटते असं नाही, कारण एकच जनुक दोन-तीन कामं करत असू शकतं. एसएचबीजीवर असंच काम २००९ मध्ये झालं होतं. एसएचबीजीच्या जनुकातल्या दोन बदलांपैकी एक प्रथिन वाढवतो, एक घटवतो. वाढवणारा ज्यांच्याकडे होता त्या बायकांत मधुमेह कमी, घटवणारा होता त्यांच्यात जास्त. मग तेच वेगळ्या अभ्यासातल्या पुरुषांमध्ये तपासलं तरी दिशा तीच निघाली. एसएचबीजी कमी असणं दोघांनाही वाईट, हे त्यातून पुढे आलं.

पहिल्या शंकेचं म्हणाल, तर ३७ हा आकडा आपल्या मुलींना जसाच्या तसा लावू नये, हे मान्यच. शिवाय तो तुलनात्मक आहे. शंभरातल्या सदतीस जणींना मधुमेह होणार असा त्याचा अर्थ नाही. पण दिशा उलटी असण्याचं कारण आपल्याकडे दिसत नाही. यकृत, इन्शुलिन, एसएचबीजी हा मार्ग साताऱ्यातही तोच आहे, आणि कमी वजनातच यकृतात चरबी धरण्याची आपली प्रवृत्ती बघता तो आपल्याला जास्तच जवळचा आहे. आपल्या लोकांची मोठी जनुकीय माहिती जमली पाहिजे ही तुमची अपेक्षा असेल तर मीही त्याच बाजूची.

लोखंडी_मनगट

नाशिकचा आहे, वय २९. गेले काही महिने थकवा, व्यायामात प्रगती नाही, पोट सुटलंय. टेस्टोस्टेरॉन तपासलं तर २९० आलं. जिमचे सर म्हणतात इंजेक्शनचा कोर्स कर, तीन महिन्यांत फरक दिसेल. धाग्यात लिहिलंय की पुरुषांत टेस्टोस्टेरॉन जास्त तर मधुमेह कमी. मग घ्यायला काय हरकत आहे? लग्न पुढच्या वर्षी आहे.

डॉ. आरण्यक

फिजिशियन आहे. भावा, लग्न पुढच्या वर्षी आहे म्हणूनच थांब.

बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं की मेंदूला वाटतं शरीरात भरपूर आहे, आणि तो वृषणांना आदेश देणं बंद करतो. शुक्राणू बनणं थांबतं. हा परिणाम इतका भरवशाचा आहे की जागतिक आरोग्य संघटनेने दर आठवड्याचं टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून तपासलं होतं, १९९० मध्ये त्याचे निष्कर्ष आले. निम्म्याहून जास्त पुरुषांच्या वीर्यात एकही शुक्राणू उरला नव्हता. बंद केल्यावर बहुतेकांचे परत येतात, पण त्याला महिने लागतात, काहींना वर्षाच्या वर. जिममध्ये मिळणाऱ्या बाटलीत काय आणि किती आहे, हे तर कुणालाच सांगता येत नाही.

आता तुझ्या २९० बद्दल. रक्त किती वाजता दिलंस? टेस्टोस्टेरॉन सकाळी सगळ्यात जास्त असतं आणि दिवसभर उतरत जातं. सकाळी सात ते दहाच्या मध्ये, उपाशीपोटी, आणि वेगवेगळ्या दिवशी दोनदा कमी आलं तरच ते कमी म्हणायचं. सोबत एसएचबीजी कर. पोट सुटल्यामुळे एसएचबीजी उतरलं असेल तर एकूण आकडा कमी दिसतो आणि मोकळं टेस्टोस्टेरॉन पुरेसं असू शकतं. एलएच (मेंदूकडून वृषणांना जाणारा संदेश), प्रोलॅक्टिन, थायरॉइड आणि साखर पण बघू.

'जास्त तर मधुमेह कमी' याचा अर्थ 'टोचलं तर मधुमेह कमी' असा होत नाही. त्यावर दोन मोठ्या चाचण्या झाल्यात. ऑस्ट्रेलियात ५० ते ७४ वयाच्या, कंबर ९५ सेंटिमीटर किंवा जास्त असलेल्या १,००७ पुरुषांना दोन वर्षं टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन किंवा औषध नसलेलं नुसतंच इंजेक्शन दिलं, दोन्ही गटांना आहार-व्यायामाचा कार्यक्रमही दिला. दोन वर्षांनी मधुमेह टेस्टोस्टेरॉनच्या गटात १२ टक्के, दुसऱ्या गटात २१ टक्के. ऐकायला छान वाटतं, पण टेस्टोस्टेरॉनच्या गटात २२ टक्के लोकांचं रक्त धोक्याच्या पातळीपर्यंत दाट झालं. नंतर अमेरिकेतल्या पाच हजारांवर पुरुषांच्या ट्रॅव्हर्स चाचणीत टेस्टोस्टेरॉनचं जेल दिलं. हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत, पण हृदयाचे अनियमित ठोके आणि फुप्फुसात गुठळी जाणं वाढलं. आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांचा मधुमेह काही टळला नाही. साखर टाळायला टेस्टोस्टेरॉन, असा सल्ला आज कुणीही जबाबदार डॉक्टर देणार नाही.

पोट उतरलं की तुझं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन वर येतं. झोप सात तास कर, रात्रीचं उशिराचं जेवण बंद कर आणि वजनं उचलत राहा.

लोखंडी_मनगट

डॉक्टर, रक्त संध्याकाळी कामावरून येताना दिलं होतं, दुपारचं जेवण करून. परत करतो सकाळी. आणि बहिणीला पीसीओएस आहे, हे आत्ता धागा पुन्हा वाचताना लक्षात आलं. जीटीटीपण करून घेतो.

सातासमुद्रापार

न्यू जर्सीहून लिहितेय. वय ४९, पाळी जाऊन वर्ष झालं. कधीच जाड नव्हते, आता हातपाय तसेच आणि पोट मात्र वेगळंच झालंय. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ६.१. इथल्या डॉक्टर हार्मोन थेरपीबद्दल विचारतायत, गरम झळा खूप येतात म्हणून. पुण्यातली बहीण म्हणते अजिबात घेऊ नकोस. इस्ट्रोजेनचा साखरेशी काय संबंध असतो?

पाणकणीस

खूप जवळचा संबंध असतो, आणि त्यातला सगळ्यात स्पष्ट पुरावा पुरुषांकडून आलाय.

१९९४ मध्ये अमेरिकेतल्या एका २८ वर्षांच्या पुरुषाची नोंद झाली. त्याचं इस्ट्रोजेन ग्रहण करणारं जनुक बिघडलेलं होतं, म्हणजे हार्मोन असूनही शरीराला त्याचा उपयोग शून्य. टेस्टोस्टेरॉन अगदी व्यवस्थित. उंची २०४ सेंटिमीटर आणि तरी तो वाढतच होता, कारण हाडांची टोकं बंद व्हायला पुरुषालाही इस्ट्रोजेन लागतं. हाडं ठिसूळ झालेली. आणि रक्तात इन्शुलिन चढलेलं.

मग २०१३ मध्ये बॉस्टनमध्ये निरोगी पुरुषांचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन औषधाने तात्पुरतं थांबवून वरून मोजून जेल दिलं. त्यातल्या अर्ध्या लोकांना टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन होऊ न देणारी गोळीही दिली. स्नायू आणि ताकद घटली ती टेस्टोस्टेरॉन कमी पडल्यामुळे. पण चरबी वाढली ती मुख्यतः इस्ट्रोजेन कमी पडल्यामुळे. पुरुषांत!

तेव्हा बाईचं इस्ट्रोजेन उतरलं की काय होणार ते तुमच्या लक्षात आलं असेल. इस्ट्रोजेन चरबी मांड्या-नितंबांवर, त्वचेखाली ठेवतं. तिथली चरबी तुलनेने निरुपद्रवी. पाळी गेल्यावर ती पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृतात जाऊ लागते. भारतीय बायकांची पाळी साधारण ४६-४७ ला जाते, पाश्चात्त्य बायकांची ५१ च्या सुमारास. म्हणजे ते संरक्षण आपल्याकडे काही वर्षं आधीच संपतं.

डॉ. निशिगंध

सातासमुद्रापार, तुमच्या बहिणीचा सल्ला बहुधा २००२ च्या बातम्यांवरून आलेला असावा. अमेरिकेतल्या डब्ल्यूएचआय या हार्मोन थेरपीच्या मोठ्या अभ्यासात तेव्हा स्तनाचा कर्करोग, गुठळ्या वगैरे धोके दिसले आणि जगभर अनेकींच्या थेरपी बंद झाल्या. त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय साठीच्या पुढचं होतं. साठीच्या आत आणि पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केली तर हिशोब वेगळा असतो. त्याच अभ्यासात हार्मोन घेणाऱ्या गटात नवीन मधुमेह थोडा कमीच दिसला. पण मधुमेह टाळण्यासाठी म्हणून ही थेरपी कुणालाही देत नाहीत. झळांचा त्रास हे तुमच्यासाठी योग्य कारण आहे. घरात स्तनाचा कर्करोग, स्वतःला गुठळी, यकृताचा आजार यातलं काही असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि गोळीऐवजी त्वचेवर लावायच्या पट्टीबद्दल विचारा, तिच्यात गुठळीचा धोका कमी असतो.

एचबीए१सी ६.१ म्हणजे मधुमेहाच्या अलीकडचा टप्पा. झळांएवढंच तेही मनावर घ्या.

तर्ककठोर

एक मूलभूत प्रश्न. स्त्री-पुरुषांतला हा सगळा फरक हार्मोनचाच आहे की एक्स-वाय गुणसूत्रांचाही? दोन्ही नेहमी एकत्रच येतात, वेगळं कसं करणार?

पाणकणीस

उंदरांमध्ये वेगळं केलंय. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात आर्थर अरनॉल्ड आणि कॅरेन र्यू यांनी वृषण घडवणारं जनुक वाय गुणसूत्रावरून दुसरीकडे हलवलेले उंदीर वापरले. त्यामुळे एक्स-एक्स असूनही वृषणं असलेले आणि एक्स-वाय असूनही बीजांडकोश असलेले उंदीर मिळाले. मोठेपणी सगळ्यांच्या या ग्रंथी काढून टाकल्या, म्हणजे हार्मोनचा प्रश्नच मिटला. तरीही दोन एक्स असलेले उंदीर जास्त जाड झाले, काही तर दुपटीने. पुढे त्यामागचं एक जनुकही सापडलं, एक्स गुणसूत्रावरचं. दोनपैकी एक एक्स पेशीत गप्प केलेला असतो, पण काही जनुकं त्यातून निसटून दोन्हीकडून बोलत राहतात, त्यातलंच ते एक. तेव्हा उत्तर, गुणसूत्रांचाही. माणसात किती, हे अजून उंदरांइतकं स्वच्छ सांगता येत नाही.

निनावी_आज

नेहमीच्या आयडीने लिहीत नाही, समजून घ्या. शेवटचे प्रतिसाद वाचून लिहावंसं वाटलं. मूल होत नव्हतं म्हणून आधी दोन-तीन वर्षं फक्त माझ्याच तपासण्या झाल्या. शेवटी ह्यांची तपासणी झाली, तेव्हा वीर्यात शुक्राणूच नाहीत आणि गुणसूत्रांत एक एक्स जास्त आहे असं कळलं. एक्स-एक्स-वाय. ह्यांना पस्तिशीतच साखर होती, पोट होतं, दाढी विरळ होती, पण शरीराकडे एकत्र कुणी पाहिलंच नाही. आता टेस्टोस्टेरॉन सुरू केलंय. यांच्या बाबतीत ते योग्य आहे ना?

डॉ. आरण्यक

ताई, लिहिलंत हे फार चांगलं केलंत. याला क्लाइनफेल्टर सिंड्रोम म्हणतात, आणि ते दुर्मीळ नाही. ५०० ते १००० मुलग्यांमागे एकाला असतं, आणि बऱ्याच जणांना आयुष्यभर कळतच नाही. वृषणं पुरेसं टेस्टोस्टेरॉन बनवू शकत नाहीत, त्यामुळे पोटाची चरबी आणि मधुमेह या पुरुषांत लवकर आणि जास्त प्रमाणात येतो. यांच्यासाठी टेस्टोस्टेरॉन हा योग्य उपचार आहे, कारण इथे ते खरोखरच कमी आहे. वर मी ज्याला नको म्हटलं त्याची गोष्ट वेगळी. फक्त हिमोग्लोबिन-हिमॅटोक्रिट (रक्त किती दाट आहे ते) ठरल्या वेळी तपासा आणि हाडांची घनता एकदा बघून घ्या.

एक विचारतो: मुलाचा विचार अजून असेल तर, उपचार सुरू करण्याआधी वृषणातून शुक्राणू काढता येतील का याबद्दल कुणी बोललं होतं का? काही पुरुषांत ते मिळतात. नसेल बोललं तर वंध्यत्वतज्ज्ञांना लवकर भेटा, टेस्टोस्टेरॉन किती काळ थांबवायचं तेही तेच सांगतील.

निनावी_आज

कुणीच बोललं नव्हतं. या आठवड्यात अपॉइंटमेंट घेते.

रंकाळाकाठ

वय ६६, कोल्हापूर. दोन्ही नातींना हा त्रास आहे म्हणून वाचतोय. मेथ्या, दालचिनी, कारल्याचा रस याने होईल का काही?

डॉ. निशिगंध

काका, जेवणात मेथी-कारलं अवश्य असू द्या, पण त्यावर विसंबून तपासण्या टाळू नका. त्यापेक्षा नातींच्या ताटात डाळ, उसळ, अंडं, ताक वाढवा, भात-साखर कमी करा, आणि जेवणानंतर त्यांच्यासोबत रंकाळ्याला फेरी मारा. वजन जास्त असेल तर पाच ते दहा टक्के उतरल्यावरही पुष्कळदा पाळी परत येते. नातवंडांत मुलगे असतील तर त्यांनाही सोबत न्या.

चाफेकळी

मुलगा तयार झालाय जीटीटीला. मुलीबद्दल एक विचारायचं राहिलं. तिचं टेस्टोस्टेरॉन गेल्या महिन्यात तपासलं, ते आता नॉर्मल आलंय आणि चेहऱ्यावरचे मुरुमही गेलेत. म्हणजे पीसीओडी गेलं असं समजायचं का? तिचं हिमोग्लोबिन ९ आहे, आणि एचबीए१सी ५.९.

पाणकणीस

ती अजून पाळीच्या हार्मोनच्या गोळ्या घेत असेल तर नाही. त्या गोळ्यांमधलं इस्ट्रोजेन यकृताला एसएचबीजी भरपूर बनवायला लावतं आणि बीजांडकोशाचं कामही दबलेलं असतं. त्यामुळे मोकळं टेस्टोस्टेरॉन उतरतं, मुरुम जातात. गोळ्या त्यांचं काम करतायत एवढंच या रिपोर्टवरून कळतं, मूळ प्रवृत्तीबद्दल काही कळत नाही. ती बघायची तर गोळ्या साधारण तीन महिने बंद असाव्या लागतात. ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

एचबीए१सीचं जरा थांबा. लोह कमी असल्यामुळे हिमोग्लोबिन ९ असेल तर एचबीए१सी खऱ्यापेक्षा थोडं जास्त दिसू शकतं, कारण लाल पेशी जास्त दिवस रक्तात फिरत राहतात. फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी) करून घ्या, लोहाचा उपचार सुरू करा, आणि साखरेसाठी मुलाबरोबर तिचीही जीटीटीच करा. रात्री साडेनऊनंतर दोघांनीही पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, आणि आधीचे तीन दिवस भात-पोळी नेहमीसारखी खायची, मुद्दाम कमी करायची नाही.